परसदाराची फरसबंदी घरच्या घरी



मुंबई उपनगर जिल्ह्यात शेती आहे असे सांगितले की पुष्कळ लोक हसतात. पण गोराई, मनोरी, मढ या बाजूला वाड्या आहेत, नारळ आहे, भाजीपाला आहे. आरेच्या पाड्यांवर पावसाळी भाजी निघते. अंधेरी, मरोळ, बोरिवलीच्या गावठाणांत शेत गेले, तरी जुने घर, विहीर आणि मागचे अंगण पुष्कळ ठिकाणी राहिले आहे. घाटकोपर, मुलुंडकडेही चाळीच्या किंवा बैठ्या घराच्या मागे चार हात मोकळी जागा कोणाकोणाकडे असते. आजचे भाषण या मागच्या अंगणाविषयी आहे. तिथे ब्लॉकची फरसबंदी घरच्या माणसांनी कशी घालावी, ते आपण पाहणार आहोत. जिल्हा कोणताही असो, कोकणपट्टीतल्या पावसाला हीच रीत लागू पडते.

तुम्ही म्हणाल, अंगण शेणाने सारवलेले काय वाईट? वाईट मुळीच नाही. दसरा-दिवाळीला खळे चोपून, सारवून केले की मे महिन्यापर्यंत त्यासारखी जागा नाही. पण सारवलेले अंगण पाऊस धरत नाही. जून ते सप्टेंबर मागच्या दारी चिखल, आणि त्याच चिखलातून विहिरीवर, गोठ्यात, संडासाकडे जाणे-येणे. उंदीर-घुशींचे मूत्र त्या पाण्यात मिसळते, आणि पायाला चीर किंवा जखम असली की लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथून शरीरात शिरतात. २००५ साली जुलैच्या पुरानंतर मुंबईत या तापाने माणसे दगावली, हे पुष्कळांच्या लक्षात असेल. तेव्हा पावसाळ्यात पाय कोरडा ठेवणारे अंगण ही काही चैन नव्हे.

मग सरळ सिमेंटचा कोबा का करू नये? हा प्रश्न नेहमी येतो. कोबा झटपट होतो, झाडायला सोपा असतो. पण कोब्यावर पडलेले सगळे पाणी एका बाजूला पळते. हिशोब करून बघा. वीस फूट बाय पंधरा फूट, म्हणजे तीनशे चौरस फुटांचे अंगण धरा. दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे जुलैत तो काही नवलाचा नाही, तर एवढ्या जागेवर सुमारे २,८०० लिटर पाणी पडते. दोनशे लिटरची चौदा पिंपे भरतील. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या एका दिवशी एवढ्याच अंगणावर सव्वीस हजार लिटरच्या वर पाणी पडले असते. हे पाणी कोब्यावरून शेजाऱ्याच्या जोत्याशी जाते, नाही तर आपल्याच पडवीत शिरते. शिवाय झाडाच्या मुळाला आणि विहिरीला त्यातले काही मिळत नाही. खाडीकाठच्या गावांत तर हे फार जपायचे. तिथे जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरून गोडे पाणी मुरायचे थांबले आणि उपसा तसाच चालू राहिला, की विहीर मचूळ होऊ लागते. मचूळ झालेली विहीर सुधारायला वर्षे लागतात.

ब्लॉकच्या फरसबंदीत दोन ब्लॉकांमध्ये वाळूची सांध असते. त्यातून थोडे पाणी खाली मुरते, उरलेले उताराने जाते. सगळेच मुरेल अशी आशा मात्र धरू नका. मुसळधार पाऊस उतारानेच काढावा लागतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. मुंबईच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक कसे उखडतात, खचतात, हलतात ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्यावरून लोकांचे मत झाले आहे की ब्लॉक म्हणजे खोटा माल. पण बहुतेक वेळा दोष ब्लॉकचा नसतो. खालचा थर नीट ठोकलेला नसतो, कडेला आधार नसतो, किंवा कोणी पाइपासाठी खणून माती तशीच ढकलून दिलेली असते. वरून ट्रक गेला की ब्लॉक बसलाच. फरसबंदीचा जीव वरच्या ब्लॉकमध्ये नाही, खालच्या नऊ इंचांत आहे. आणि नेमके तेच एकदा झाकले की दिसत नाही. म्हणून काम अंगावर दिलेत तर खर्चाची कात्री तिथेच लागते. घरच्या माणसांनी काम करण्यात मजुरी वाचते ती वाचतेच, पण खरा फायदा हा, की खाली काय पडले आहे ते आपल्याला ठाऊक असते.

ही कल्पना तशी जुनीच आहे. युरोपात हॉलंडमध्ये विटांचे रस्ते होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे विटांऐवजी काँक्रीटचे ठोकळे वापरात आले आणि पुढे सगळीकडे पसरले. ठोकळा ठोकळ्याला अडकवून, मधे वाळू भरून, सिमेंट न लावता रस्ता धरायचा, एवढीच त्यातली युक्ती.

काम कधी काढावे? पाऊस जाऊन जमीन वाळली की. दिवाळीनंतर खोदाई आणि होळीच्या आत फरसबंदी पुरी, असा बेत ठेवा. मेच्या शेवटी घाई करू नका. वळवाचा एक पाऊस आला की उघडी वाळू वाहून जाते आणि खोदलेल्या खड्ड्याचे तळे होते. तीन माणसे असतील तर तीनशे चौरस फुटांना साधारण आठ-नऊ दिवसांचे काम आहे. सलग करायला हवे असेही नाही. खोदाई आणि भराव रविवारी-रविवारी होऊ शकतो.

पहिल्या दिवशी फावडे हातात घेऊच नका. पाऊस आठवा. मागच्या पावसाळ्यात पाणी कुठे साचले होते, कोणत्या बाजूने गेले, शेजाऱ्याची भिंत कुठे आहे, पागोळ्या कुठे पडतात, हे घरातल्या बायकांना विचारा. त्यांना ते जास्त नक्की माहीत असते. जमिनीखाली काय आहे तेही बघा. नळाचा पाइप, पंपाची केबल, संडासाची टाकी. टाकीचे झाकण फरसबंदीखाली गाडू नये, ते वर उघडेच ठेवावे. जागा आपल्या नावावर आहे ना, तो सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड एकदा काढून बघावे. समुद्रकाठी, खाडीकाठी किंवा वनखात्याच्या हद्दीजवळ घर असेल तर आधी वॉर्ड ऑफिसात विचारून घ्यावे. नंतर वाद नको.

मग मातीची परीक्षा. फूटभर लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, आणि पुन्हा भरा. दुसऱ्या वेळचे पाणी तासा-दोन तासांत गेले तर माती मुरमाड किंवा रेताड आहे, काम सोपे आहे. रात्रभर पाणी तसेच राहिले तर चिकण माती आहे. तिथे खालचा थर सहा इंचांऐवजी नऊ इंच घ्यावा आणि तळाला जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरावे, म्हणजे खडी चिखलात रुतत नाही. पोती किंवा ताडपत्री टाकून ते काम होत नाही. पोते कुजते, आणि ताडपत्री पाणी अडवते.

आता आखणी. आपले अंगण घराच्या भिंतीला समांतर वीस फूट आणि घरापासून लांब पंधरा फूट धरू. चार खुंट्या, सुतळी आणि टेप. कोपरा काटकोनात आहे की नाही हे बघायला गवंड्याचा गुण्या लहान पडतो. त्यापेक्षा समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतले तिरपे अंतर मोजा. वीस बाय पंधराला ते बरोबर पंचवीस फूट भरले पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी भरले पाहिजे. मापे वेगळी असतील तर एका कोपऱ्यातून एका बाजूला सहा फूट, दुसऱ्या बाजूला आठ फूट खूण करा. दोन खुणांत दहा फूट आले की कोपरा खरा.

उतार घरापासून बाहेर, फुटाला पाव इंच. म्हणजे पंधरा फुटांना पावणेचार इंच. डोळ्यांना हा उतार जाणवत नाही, खाट डुगडुगत नाही, पण पाणी थांबत नाही. पातळी बघायला पारदर्शक प्लास्टिकची नळी पाण्याने भरून घ्या. दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीवर येते, तिथून खाली मोजायचे. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. आणि एक नियम मोडू नका. तयार फरसबंदी घराच्या जोत्यापेक्षा निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे. अंगण उंच केले म्हणून घर उंच होत नाही, उलट घर खड्ड्यात जाते. तुळशीवृंदावनाचे आणि विहिरीच्या कठड्याचेही तेच. ते फरसबंदीच्या वर राहिलेच पाहिजेत. विहिरीच्या काठाकडे उतार कधीही करू नये. अंगण धुतलेले पाणी विहिरीत जायला नको. गोठा धुतलेल्या पाण्याची वाट या अंगणातून काढू नका. तिला वेगळी नाली करून ते खताच्या खड्ड्याकडे न्यावे.

हे पाणी शेवटी जाणार कुठे, ते खोदाईच्या आधी ठरले पाहिजे. वाडी मागे असेल तर नारळाच्या आळ्यात, केळीच्या पाटात न्यावे. त्यासारखे दुसरे नाही. जागा नसेल तर खालच्या कडेला शोषखड्डा घ्यावा. चार फूट लांब, चार फूट रुंद, पाच फूट खोल खड्डा मोठ्या दगडांनी भरला तर दगडांमधल्या पोकळीत सुमारे नऊशे लिटर पाणी मावते. वर बारीक खडी आणि वाळूचा थर द्यावा. एवढ्याने मुसळधार पावसाचे सगळे पाणी पोटात जाणार नाही, म्हणून खड्ड्यालाही बाहेर पडायची वाट ठेवा. खाडीकाठी जिथे ऑगस्टमध्ये दोन-तीन फुटांवर पाणी लागते, तिथे शोषखड्डा करण्यात अर्थ नाही. तो आधीच पाण्याने भरलेला असतो.

आता खोदाई. सहा इंचांचा खडीचा थर, एक इंच वाळू आणि ६० मिलिमीटरचा ब्लॉक मिळून साडेनऊ इंचांच्या आसपास खोली येते. तळालाही तोच पावणेचार इंचांचा उतार द्या, म्हणजे खडीचा थर सगळीकडे सारखा बसेल. वरची काळी, कुजलेली, मुळांची माती वेगळी काढा. ती टाकून देऊ नका. तीनशे चौरस फुटांतून फुगलेली माती तीन ब्रासच्या जवळपास निघते, आणि वरचा थर भाजीच्या वाफ्यांना चांगला असतो. आंबा, फणस, नारळ यांच्या बुंध्याभोवती निदान तीन-तीन फूट जागा मोकळी सोडावी. मोठी मुळे तोडू नयेत. मूळ आडवे आले तर फरसबंदीला वळण द्या. झाडाला वळण देता येत नाही.

तळ झाडून, पाणी शिंपडून धुमसाने ठोकावा. माती किती ओली असावी? मुठीत दाबून गोळा करा. गोळा टिकला आणि खाली टाकल्यावर दोन-तीन तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडी, चिकटून बसला तर जास्त ओली. जास्त ओल्या जमिनीवर धुमस मारणे म्हणजे लोणी ठोकणे. दोन दिवस थांबा.

भरावासाठी काय घ्यावे, यावर थोडे सविस्तर बोलतो, कारण इथेच फसगत होते. उपनगरात पाडकाम सतत चालू असते, आणि राबिटाचा ट्रक फुकट किंवा नाममात्र पैशात दारात येतो. मोह होतो. पण त्या राबिटात प्लास्टरचे ढेकूळ, लाकूड, प्लास्टिक, टाइल्सचे तुकडे असतात. लाकूड कुजते, ढेकूळ पाण्यात विरघळतात, पोकळी राहते. दोन पावसाळ्यांत अंगणाला वाटीसारखे खड्डे पडतात. तेच राबिट लोक खाडीत, तिवरांत टाकतात, हा वेगळा गुन्हा आहे. तुम्ही खाणीवरची मिसळ खडी घ्या, म्हणजे दीड इंची, पाऊण इंची आणि कच एकत्र. बारीक माल मोठ्या खडीच्या फटीत बसतो आणि थर घट्ट होतो. एका मापाची सुटी खडी गोट्यांसारखी सरकते. कडक, खडेदार मुरूम मिळत असेल तर खालच्या तीन इंचांना तोही चालतो. मातट मुरूम नको. पाण्यात टाकून बघा. गढूळ लगदा झाला तर परत पाठवा. जुन्या जोत्याचे दगड निघाले असतील तर तेही फोडून तळाला घालता येतात. पण घडीव दगड असेल तर फोडू नका. मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा करडा दगड शहरातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीला लागला आहे. असा दगड तुमच्या वाडीत पडला असेल तर तो पायरीला, कडेला लावा.

तीनशे चौरस फुटांवर सहा इंच म्हणजे ठोकलेला दीड ब्रास. ठोकल्यावर माल बसतो, म्हणून पावणेदोन ते दोन ब्रास मागवा. तीन-तीन इंचांचे दोन थर करा. एकदम सहा इंच टाकून वरून ठोकले तर फक्त वरची पापडी घट्ट होते. प्रत्येक थरावर पाणी शिंपडा आणि ठोका. हाताच्या धुमसाने तीनशे चौरस फूट होतात, पण खांदे भरून येतात. भाड्याने कंपन करणारे ठोकायचे मशीन मिळते. दोन दिवसांसाठी आणले तर पैसे वसूल होतात. थर झाला की त्यावर टाच जोराने मारा. टाचेची खूण उमटता कामा नये. इथेच फळी आणि नळीने उतार पुन्हा तपासा. खडीत राहिलेला खड्डा वाळू भरून झाकू नका. जिथे वाळू जाड, तिथे ब्लॉक खचणार.

खडी झाकण्यापूर्वी दोन गोष्टी करून ठेवा. एक, अंगणाच्या आरपार दोन इंची प्लास्टिकचा रिकामा पाइप टाकून त्याची तोंडे बंद ठेवा. उद्या पंपाची केबल किंवा पाण्याची नळी न्यायची झाली तर फरसबंदी उकरावी लागणार नाही. दुसरी गोष्ट मांडवाची. आपल्याकडे मागच्या दारी लग्नाचा, हळदीचा, बाराव्या-तेराव्याचा मांडव पडतोच. त्यासाठी पहारीने ब्लॉक फोडून खांब रोवलेले पुष्कळ ठिकाणी दिसतात. त्यापेक्षा आत्ताच चार कोपऱ्यांना आणि मध्ये लागतील तिथे तीन इंची लोखंडी पाइपचे दीड-दोन फुटांचे तुकडे काँक्रीटमध्ये उभे बसवा, वरचे तोंड फरसबंदीच्या पातळीला ठेवा आणि झाकण लावा. तळाला खडी ठेवा, म्हणजे पाणी साचून डास होणार नाहीत.

मग कड. कडेला आधार नसेल तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात, सांधी उघडतात, वाळू वाहते, आणि त्या फटीत घूस बीळ करते. एकदा घूस आत गेली की सगळी वाळू बाहेर येते. चारही बाजूंनी ब्लॉक उभे करून किंवा कडेचे दगड लावून बाहेरून एक-दोन-चार प्रमाणाच्या सिमेंट काँक्रीटचा टेकू द्या. एक घमेले सिमेंट, दोन वाळू, चार खडी. काँक्रीट वरच्या ब्लॉकच्या निम्म्या उंचीपर्यंत पुरे, म्हणजे बाजूची माती वर येऊन ते दिसत नाही. खालच्या कडेत दर चार-पाच फुटांवर बोटभर भोक ठेवा आणि त्याच्या आतल्या तोंडाला बारीक जाळी लावा. ब्लॉकखाली शिरलेले पाणी तिथून निघते आणि वाळू आत राहते. ही भोके ठेवायला सगळे विसरतात. एक आठवडा काँक्रीटला पाणी मारा, मग पुढचे काम.

या आठवड्यात ब्लॉक आणून ठेवा. माणसे चालणार, खाट टाकणार, स्कूटर उभी राहणार, एवढ्याला ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक घ्यावा. टेम्पो आत येणार असेल तर ८० मिलिमीटर आणि खालचा खडीचा थर नऊ इंच. भारतीय मानकाप्रमाणे ६० मिलिमीटरच्या ब्लॉकला एम ३५ आणि ८० मिलिमीटरच्या ब्लॉकला एम ४० हा प्रतीचा आकडा धरतात, तो विक्रेत्याला विचारा. जाडी स्वतः टेपने मोजा. साठ सांगून पन्नास देण्याची सवय बाजारात आहे. दोन ब्लॉक एकमेकांवर वाजवून बघा, आवाज खणखणीत यायला हवा. एक फोडून बघा, आतून भुसभुशीत नसावा. गुळगुळीत, चकचकीत ब्लॉक दिसायला छान, पण आपल्या पावसात त्यावर म्हातारे माणूस घसरलेच म्हणून समजा. खरखरीत, मंद रंगाचा घ्या. शहाबादी फरशीबद्दलही विचारणा होते. घरात ती उत्तम, मागच्या दारी शेवाळ आले की निसरडी.

आठ इंच बाय चार इंच, म्हणजे २०० बाय १०० मिलिमीटरचा विटेच्या आकाराचा ब्लॉक नवशिक्याला सर्वांत सोपा. चौरस मीटरला पन्नास बसतात. आपल्या तीनशे चौरस फुटांना सुमारे १,४०० लागतील. कापाकापी आणि फुटतूट धरून १,४६० मागवा. एकेक ब्लॉक पावणेतीन किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एकूण चार टन माल आहे. गल्ली अरुंद असेल तर टेम्पो कुठपर्यंत येतो ते आधी बघा.

वाळूबद्दल सावध राहा. गोराई-मनोरीच्या माणसाला समुद्राची रेती हाताशी दिसते. ती उचलायला बंदी तर आहेच, पण ती कामाचीही नाही. तिच्यातले मीठ ब्लॉकवर पांढरे फुलते आणि गोल दाणा दाबाखाली सरकतो. जाड दाण्याची धुतलेली क्रश सँड घ्या. दगडाची पीठासारखी पावडर नको. ती पाणी धरून ठेवते आणि तिचा चिखल होतो. सांधींसह पस्तीस-चाळीस घनफूट वाळू पुरते. काही गवंडी वाळूत कोरडे सिमेंट मिसळा म्हणतात. माझे मत विरुद्ध आहे. सिमेंट ओल धरून कडक होते, जमीन जरा हलली की चिरते, आणि पुढे एखादा ब्लॉक काढायचा झाला तर छिन्नी घ्यावी लागते.

खडीवर एक इंची लोखंडी पाइपचे दोन तुकडे पाच-सहा फुटांवर समांतर ठेवा. त्यांची बाहेरची जाडी सव्वा इंचाच्या थोडी वर भरते. मध्ये वाळू टाका आणि सरळ फळी दोन्ही पाइपांवरून ओढा. वाळू एका जाडीची बसते. पाइप उचलून त्यांची चर हलक्या हाताने भरा. या वाळूवर पाय ठेवू नका, पोरांना आणि कोंबड्यांना लांब ठेवा. त्या दिवशी जेवढे ब्लॉक लावून होतील तेवढीच वाळू पसरा.

ब्लॉक लावताना लावलेल्या ब्लॉकवर उभे राहून पुढे सरकावे. सरळ कडेपासून सुरुवात, दर चौथ्या-पाचव्या ओळीला सुतळी. दोन ब्लॉकांत दोन ते चार मिलिमीटर फट, म्हणजे जाड पुठ्ठ्याएवढी. ब्लॉक वरून सरळ खाली ठेवा, वाळूवर घासत नेऊ नका. नुसते चालण्यासाठी विटेच्या भिंतीसारखी सांधमोड पुरते. गाडी येणार असेल तर माशाच्या काट्यासारखी तिरपी-उलटी रचना करा. तीत चाकाच्या धक्क्याने ब्लॉक सरकत नाहीत. तुकडे लागतील ते शेवटी कापा, आणि एक तृतीयांशापेक्षा लहान तुकडा कडेला लावू नका. कटर मशीन वापरत असाल तर डोळ्यांवर चष्मा, तोंडावर फडके आणि पात्यावर पाणी. सिमेंटची धूळ फुप्फुसाला वाईट.

जिथे पागोळ्या पडतात तिथे ब्लॉक लावूच नयेत. वरून पडणारी धार सांधीतली वाळू पहिल्याच महिन्यात उकरते. त्या रेघेला फूटभर रुंद पट्ट्यात मोठी खडी भरा, किंवा छपराला पन्हळ लावून पाणी पिंपात घ्या.

सगळे लावून झाले की वरून फळी ठेवून, किंवा मशीनखाली रबरी चटई बांधून, दोनदा आडवे-उभे ठोका. ब्लॉक पाव इंचाने खाली बसतात. आधीच तेवढे वर ठेवलेले असावेत. मग बारीक, अगदी कोरडी वाळू पसरून खराट्याने सांधींत भरा, पुन्हा ठोका, पुन्हा भरा. तीनदा-चारदा करावे लागते. इथे कंटाळा नको, कारण सांधीतली वाळूच ब्लॉकला ब्लॉक धरून ठेवते.

पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांनंतर सांधी अर्धा इंच खाली जातील. घाबरायचे कारण नाही. श्रावणात उघडीप मिळाली की पुन्हा कोरडी वाळू भरा. शेवाळ आले तर खराटा आणि पाणी. ॲसिड ओतू नका, ब्लॉकचा वरचा थर जातो. भात, मिरची, कडधान्य वाळवायचे तर खाली ताडपत्री घाला, दाणे सांधीत गेले की मुंग्या आणि उंदीर मागोमाग येतात. कुठे ब्लॉक खचलाच तर दोन पेचकसांनी उचला, खालची खडी ठोका, वाळू भरा आणि तोच ब्लॉक परत ठेवा. अर्ध्या तासाचे काम आहे. त्यासाठी उरलेले तीस-चाळीस ब्लॉक विकून टाकू नका, गोठ्याच्या आडोशाला रचून ठेवा. पाच वर्षांनी त्या मापाचा आणि रंगाचा ब्लॉक बाजारात मिळेलच असे नाही.